आभाळातलं नाटक आणि आपल्या पोरी

  आम्ही गटांच्या कामासाठी गावोगावी फिरणाऱ्या बाया. रेडिओवर बोलायला आलो की कर्जाचा हप्ता, शेळ्यांचं लसीकरण, परसबाग असंच काहीतरी सांगतो. आजचा विषय वेगळा आहे. आज कार्टूनबद्दल आणि चित्रांच्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे. त्यातही ज्या गोष्टी दूर अंतराळात घडतात त्यांच्याबद्दल.

हा विषय बैठकांमधूनच आला. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की बाया उठता उठता विचारतात, "ताई, पोरं एवढं मोबाईलमध्ये पाहतात तरी काय?" आपल्याकडे दिवस मावळला की पोरांना बाहेर सोडायची हिंमत होत नाही. वाघ शिवेपर्यंत येतो हे तुम्हाला सांगायला नको. मग पोरं घरात, आणि घरात एक मोबाईल. त्यावर अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे एकामागून एक येत राहतात. तासाभराने विचारलं की काय पाहिलं, तर पोराला सांगता येत नाही. कारण त्यात सांगण्यासारखी गोष्टच नसते.

मोबाईल काढून घेणं हा एक उपाय. तो दोन दिवस टिकतो. दुसरा उपाय असा, की त्याच पडद्यावर एक अख्खी गोष्ट लावायची आणि आपणही शेजारी बसायचं. कोणती गोष्ट कोणत्या वयाला लावायची, पाहून झाल्यावर काय बोलायचं, ते आज सांगतो. एक अट मात्र आधीच सांगून ठेवतो. गोष्ट चालू असताना पोरगी भांड्यांपाशी नको. का नको, ते पुढे येईलच.

हे नाव आलं बायकांच्या रेडिओवरून

मोठमोठी यानं, दूरचे ग्रह, तिथले राजे आणि बंडखोर, ताटातूट झालेली भावंडं, जुनी वैरं, लढाया आणि शेवटी घराकडे परतणं, अशा लांबलचक गोष्टींना इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. स्पेस म्हणजे अंतराळ आणि ऑपेरा म्हणजे गाण्यांचं नाटक. पण हे नाव नाटकघरातून आलेलं नाही. ते रेडिओवरून आलं, आणि तेही बायकांच्या रेडिओवरून.

१९३० च्या सुमारास अमेरिकेत रेडिओवर दिवसा रोजच्या मालिका सुरू झाल्या. ऐकणाऱ्या म्हणजे घरकाम करता करता कान देणाऱ्या बाया. गोष्टी घरातल्याच असायच्या, लग्नं, आजारपणं, रुसवेफुगवे. शिकागोमध्ये १९३० साली सुरू झालेली ‘पेंटेड ड्रीम्स’ ही त्यांतली अगदी सुरुवातीची मालिका, आणि ती लिहिणारी होती एक बाईच, इर्ना फिलिप्स. या मालिकांचा खर्च बहुतेक वेळा साबण विकणाऱ्या कंपन्या द्यायच्या, कारण साबण विकत घेणाऱ्या बायाच होत्या. म्हणून लोक चेष्टेने त्यांना ‘सोप ऑपेरा’ म्हणू लागले, म्हणजे साबणाचं नाटक.

पुढे १९४१ मध्ये विल्सन टकर नावाच्या लेखकाने अंतराळातल्या त्याच त्याच साच्याच्या कथांना टोमणा मारायला ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द काढला. म्हणजे बायकांच्या मालिकेला हिणवायचं जे नाव होतं, त्यावरूनच हे घडलं. टोमणा पुढे विरून गेला, नाव तेवढं राहिलं. आता जगभरचे लोक ते आवडीने घेतात.

या कथा लिहिणाऱ्यांतही बाया होत्या. ली ब्रॅकेट या अमेरिकन लेखिकेने १९४० च्या दशकापासून ग्रहांवरच्या साहसकथा लिहिल्या. १९८० साली आलेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या गाजलेल्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाच्या पटकथेचा पहिला खर्डा त्यांचाच. सिनेमा पडद्यावर यायच्या आधी, १९७८ मध्ये त्या वारल्या. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की "हे तर पोरांचं खूळ, आपल्याला काय कळणार" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

झाडीपट्टीच्या बाईला हे अवघड नाही

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री नाटक लागतं. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. आपण बाया चटई, चादर, लेकरं घेऊन बसतो आणि पहाटेपर्यंत उठत नाही. याच रंगभूमीसाठी गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता आठवा, त्या नाटकात काय असतं? जमीन गिळणारा सावकार असतो. लहानपणी हरवलेला भाऊ असतो. बाप कोण हे माहीत नसलेला मुलगा असतो. अन्याय सोसून सोसून एक दिवस उभी राहणारी बहीण असते. मधे विनोदी पात्र येऊन हसवून जातं. स्पेस ऑपेरातही हेच असतं. सावकाराच्या जागी सम्राट, शेताच्या जागी ग्रह आणि बैलबंडीच्या जागी यान. १९७७ साली सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या सिनेमांमध्ये यंत्रं आणि लढाया पुष्कळ आहेत, पण गोष्ट बाप-लेकाची आणि लहानपणी ताटातूट झालेल्या बहीण-भावाचीच आहे. ज्या बाईने रात्र रात्र बसून नाटक पाहिलं आहे, तिला ती गोष्ट धरायला वेळ लागत नाही.

आणि आभाळात गोष्टी रचणं आपल्यालाही नवीन नाही. अंगणात बाज टाकून निजताना आजी सप्तर्षी दाखवायची. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला निघालेले चोर. मृगातल्या तीन ताऱ्यांना कोणी तिफण म्हणतं, कोणी नांगर. आपल्या माणसांनी आपलं घरदार आणि शेती वर नेऊन ठेवली. तिकडच्या लोकांनी आपापले राजे आणि जहाजं नेली.

वाचायला काय द्यावं

आधी मराठीतलं पाहू. आपल्या पिढीच्या थोरल्या भावा-बहिणींनी इंद्रजाल कॉमिक्स वाचलेली असतील. १९६४ पासून १९९० पर्यंत ती निघत होती आणि मराठीतही यायची. वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक सगळ्यांना आठवतो. त्याच मालिकेत फ्लॅश गॉर्डनही होता. अमेरिकेत अलेक्स रेमंड या चित्रकाराने १९३४ मध्ये त्याची गोष्ट सुरू केली. मोंगो नावाच्या ग्रहावर मिंग नावाचा जुलमी राजा आणि त्याच्याशी लढणारा फ्लॅश. एखाद्याच्या माळ्यावर जुना अंक असेल तर पोरांना जरूर दाखवा, चित्रं फार देखणी आहेत. पण सोबत एक गोष्ट दाखवून द्या. त्यातली डेल नावाची बाई बहुतेक वेळा पळवली जाते आणि फ्लॅश तिला सोडवून आणतो. पोरीला विचारा, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

नंतर जयंत नारळीकर. मोठे शास्त्रज्ञ, पुण्यातली आयुका ही संस्था त्यांनी उभी केली. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या कथांना स्पेस ऑपेरा म्हणता येणार नाही, कारण त्यांत लढायांपेक्षा विज्ञान पुढे असतं. पण अंतराळाची गोडी लावायला मराठीत त्यांच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या तालुक्याच्या किंवा शाळेच्या वाचनालयात विचारा. आठवी-नववीच्या पोरांना सहज वाचता येतात.

त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा ठेवली होती. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. अक्षर ओळखू येईल म्हणून ती मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मंगला नारळीकर या त्यांच्या पत्नी, आणि स्वतः गणिताच्या अभ्यासक. गणित सोपं करून सांगणारी पुस्तकं त्यांनीही लिहिली.

लहान मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीने मोबाईलवर फुकट वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीत चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात, त्यांत चंद्र-ताऱ्यांचीही आहेत. ज्या घरात गोंडी बोलतात तिथे हेही सांगतो, की गोंडीतल्या गोष्टीही तिथे शोधून पाहा.

मोठ्या पोरींसाठी, बारा वर्षांच्या पुढे, एका परदेशी चित्रकथेचं नाव लक्षात ठेवा. ‘व्हॅलेरियन आणि लॉरेलीन’. १९६७ साली फ्रान्समध्ये सुरू झाली. लेखक पिएर क्रिस्तँ, चित्रं जाँ-क्लोद मेझिएर यांची आणि रंग भरले चित्रकाराच्या बहिणीने, एव्हलिन त्रान्ले यांनी. मराठीत ती नाही, इंग्रजीत मिळते. कॉलेजात जाणारी एखादी ताई वाचून मराठीत सांगू शकते. यातली लॉरेलीन ही हजार वर्षांपूर्वीच्या जंगलात राहणारी खेड्यातली पोरगी. भविष्यातून आलेला व्हॅलेरियन जंगलात अडकतो आणि ही त्याला वाचवते. मग त्याच्यासोबत जाते आणि ग्रहाग्रहांवर काम करणारी अधिकारी बनते. तो हुकूम पाळणारा, ही प्रश्न विचारणारी. पुष्कळदा तिचंच बरोबर निघतं. लेखकाने बनवलेलं ते नाव पुढे फ्रान्समध्ये खऱ्या मुलींना ठेवलं जाऊ लागलं. जंगलातली पोरगी अंतराळात जाते, ही गोष्ट आपल्या भागातल्या पोरींना कोणीतरी सांगितली पाहिजे.

पडद्यावर काय लावावं

अगदी लहानांपासून सुरू करू. घरात माडिया किंवा गोंडी बोलतात आणि हिंदी कळत नाही, तिथे बिनबोलाची फिल्म उत्तम. ‘शॉन द शीप’ या मातीच्या बाहुल्यांच्या मेंढराची २०१९ सालची ‘फार्मागेडन’ ही फिल्म घ्या. तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही संवाद नाही. दूरच्या ग्रहावरचं चुकलेलं लेकरू मेंढरांच्या गोठ्यात येतं आणि मेंढरं त्याला घरी पोचवायला निघतात. शेळ्या राखणाऱ्या पोरांना यातली प्रत्येक गंमत कळेल.

दुसरी ‘वॉल-ई’, २००८ सालची. दीड तासाच्या थोडी वर. हिचाही सुरुवातीचा बराच भाग बोलण्याशिवाय आहे. माणसांनी पृथ्वीवर इतका कचरा केला की सगळे यानात बसून निघून गेले. मागे एक छोटा यंत्रमानव शेकडो वर्षं कचऱ्याचे चौकोनी ठोकळे रचतो आहे. एक दिवस त्याला एक हिरवं रोपटं सापडतं. तिकडे यानातली माणसं खुर्चीतून न उठता, डोळ्यांसमोर पडदा धरून लठ्ठ झालेली आहेत. शेजारी कोण बसलं आहे हेही त्यांना माहीत नाही. मोबाईलबद्दल पोरांना वेगळं भाषण द्यावं लागणार नाही, तीच बोलतील.

आठ-दहा वर्षांच्या पोरांना डोरेमॉन ओळखीचा आहेच. मग त्याच ओळखीवरून पुढे जा. ‘नोबिताज लिटल स्टार वॉर्स’ ही मूळ १९८५ ची फिल्म, २०२२ मध्ये नव्याने बनवली. पिरिका नावाच्या ग्रहावर सैन्याने सत्ता बळकावली. तिथला राष्ट्राध्यक्ष पापी, अंगठ्याएवढा मुलगा, जीव वाचवून पृथ्वीवर येतो आणि नोबिता आणि मित्रमंडळ त्याला मदत करतं. निवडून आलेल्या माणसाला बंदुकीने हाकललं तर काय, हा प्रश्न पोरांपुढे आपोआप येतो. ग्रामसभा म्हणजे काय हे सांगायला बरी सुरुवात आहे.

दहाच्या पुढच्यांसाठी आपल्याच राज्यात बनलेली एक छोटी फिल्म आहे. ‘स्टार वॉर्स व्हिजन्स’ या मालिकेत २०२३ मध्ये जगातल्या निरनिराळ्या देशांच्या चित्रकारांनी एकेक गोष्ट केली. भारताची गोष्ट मुंबईच्या ‘८८ पिक्चर्स’ने बनवली, दिग्दर्शक इशान शुक्ला. नाव ‘द बँडिट्स ऑफ गोलक’.  चारुक आणि त्याची धाकटी बहीण राणी आगगाडीतून पळून चालले आहेत. गाडी अगदी आपल्याकडच्यासारखी भरलेली, पुढे एक ढाबा, आणि ढाब्यावर एक म्हातारी. राणीच्या अंगात एक शक्ती आहे आणि भाऊ तिला सारखं सांगतो, दाखवू नको, लपव. त्याचं चुकतं असंही नाही, त्याला तिच्या जिवाची काळजी आहे. पोरगी हुशार आहे म्हणूनच घरच्यांना भीती वाटते, हे आपण घरोघर पाहतो. शेवट सांगत नाही, पाहा. २०२३ मध्ये ही मालिका डिस्नेच्या ॲपवर आली होती. कोणाच्या रिचार्जसोबत ती पाहायला मिळत असेल तर विचारा.

बारा-तेराच्या पुढे जपानची ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’. लेइजी मात्सुमोतो यांची चित्रकथा १९७७ ची, फिल्म १९७९ ची. यात ग्रहाग्रहांमधून वाफेच्या इंजिनासारखी दिसणारी आगगाडी धावते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी वडसा, मूल घेत जाते, तशी ही एकेका ग्रहावर थांबते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी माणसं, वेगळं दुःख. तेत्सुरो नावाच्या गरीब मुलाला यंत्राचं शरीर हवं आहे, म्हणजे मरण येणार नाही. वाटेत त्याला कळत जातं की न मरणारी माणसं कशी वागतात. सुरुवातीलाच त्याच्या आईला मारलेलं दाखवलं आहे, म्हणून लहानांना ही दाखवू नका.

शेवटी एक नाव, अंतराळातलं नसलं तरी आपल्यासाठी राखून ठेवलेलं. हायाओ मियाझाकी यांची १९८४ ची ‘नौसिका’. पुढच्या काळातल्या पृथ्वीवर एक विषारी जंगल पसरत चाललं आहे आणि त्यात प्रचंड किडे आहेत. मोठी राज्यं म्हणतात, जाळून टाका. वाऱ्याच्या खोऱ्यातल्या छोट्या गावाची पोरगी नौसिका जंगलात जाऊन बघते, शिकते आणि तिला कळतं की ते जंगल जमिनीतलं विष साफ करत आहे. मोहफूल वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईने ही फिल्म पोरांसोबत पाहिली तर पोरांनाच तिच्याकडून जास्त कळेल.

खरं काय, खोटं काय

या गोष्टींत विज्ञान सैल असतं. पोरांना ते आधीच सांगून टाकावं, म्हणजे मजाही राहते आणि शाळेत गोंधळही होत नाही. तीन गोष्टी सांगा.

पहिली, अंतराळात आवाज नसतो. आवाजाला हवा लागते आणि तिथे हवा नाही. यान फुटल्याचा धडाका सिनेमावाल्यांनी भरलेला असतो.

दुसरी, अंतरं. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. प्रकाशाला तिथून यायला सव्वा सेकंदाच्या थोडा जास्त वेळ लागतो. सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापासून प्रकाश यायला चार वर्षांहून जास्त. सिनेमात मात्र लोक दुपारी एका ताऱ्यावर आणि संध्याकाळी दुसऱ्यावर.

तिसरी, बोलणं. रेडिओची लहर प्रकाशाच्याच वेगाने जाते, तरी मंगळापर्यंत पोचायला तिला तीन ते बावीस मिनिटं लागतात. मंगळ कधी जवळ असतो, कधी लांब, म्हणून हा फरक. "जेवलीस का?" विचारलं तर उत्तर यायला कधी कधी पाऊण तास जाईल. सिनेमात ते फोनसारखं बोलतात, तेवढं खोटं.

आणि खरं काय, तर २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं, ते खरं. त्या कामात कल्पना के. या सहयोगी प्रकल्प संचालक होत्या. त्याआधीच्या चांद्रयान-२ मध्ये एम. वनिता आणि रितू करिधाल या दोघी मोठ्या जबाबदारीवर होत्या. पोरीला ही तीन नावं सांगा. ती पडद्यावरची पात्रं नाहीत.

पोरीने शेवटपर्यंत बसायचं

आता ती अट. घरात फिल्म लागते तेव्हा पोरगा समोर पसरलेला असतो आणि पोरगी मधूनच उठते. पाणी दे, चुलीवरचं बघ, धाकट्याला घे. तिने अर्धी गोष्ट दारातून पाहिलेली असते. मोबाईलही आधी पोराच्या हातात जातो, पोरीच्या हाती आला तर "काय बघते?" म्हणून चार जण डोकावतात. मग आपणच म्हणतो की पोरींना विज्ञानाची आवड नाही.

म्हणून गटात ठराव असाच करा, की महिन्यातून एक संध्याकाळ पोरी आणि त्यांच्या आया शेवटपर्यंत बसतील. भांडी नंतर होतील, आणि धुवायला पोरगाही येईल. रोवणीच्या दिवसांत जमणार नाही, दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई डोळे मिटणारच. पण धान घरी आल्यावर जमेल. ज्या घरी टीव्ही मोठा आहे तिथे जमा. फिल्म लांब असेल तर दोन संध्याकाळी पाहा. लहान लेकरू घाबरलं तर थांबवा, हट्टाने पुढे नेऊ नका. मोबाईलच्या दुकानातून पेनड्राईव्हवर भरून आणू नका, ती चोरीची प्रत असते आणि सोबत काय भरून देतील याचा नेम नाही. चौकात पडदा लावून गावाला दाखवायचं असेल तर त्याची परवानगी लागते, ते वेगळं काम आहे.

पाहून झालं की लगेच उठायचं नाही. चार प्रश्न विचारायचे. एक, यातल्या बाईने किंवा पोरीने स्वतः ठरवून केलेलं एक काम सांगा. दोन, तो ग्रह, ती जमीन कोणाची होती आणि ती कोणी घेतली? तीन, किती माणसं मेली आणि त्यांच्यासाठी कोणी रडलं का? हजारो मरतात आणि कोणाला काही वाटत नाही अशी फिल्म असेल, तर पुढच्या वेळी ती लावू नका. चार, यातलं काय खरं होऊ शकतं? चंद्रपुरात कोळशाच्या खाणी आहेत, गडचिरोलीत लोखंडाची खाण आहे. दुसऱ्या प्रश्नावर पोरं आपल्या जिल्ह्याचं काही बोलली तर त्यांना बोलू द्या.

मग आपली गोष्ट काढायची

पाहून, वाचून झालं की हातात पेन्सिल द्या. दिल्लीच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेचे शरद शर्मा यांनी खेड्यापाड्यांतल्या लोकांना स्वतःच्या चित्रकथा काढायला शिकवलं. त्यांची पद्धत साधी आहे. चार चौकटी. पहिलीत माणसं आणि ठिकाण, दुसरीत अडचण, तिसरीत अडचण वाढते, चौथीत शेवट. मग तो कागद भिंतीवर लावायचा, गाव वाचतं. चित्र सुबक नसलं तरी चालतं.

चौकटी पाडायला एक कोरा कागद आडवा-उभा दुमडा. विषय शोधायलाही लांब जायला नको. म्हातारीची खाट आणि तीन चोर घ्या. चोर कोण आहेत, कुठल्या ग्रहावरून आले? त्यांना खाट कशाला हवी? म्हातारी झोपली आहे की झोपेचं सोंग घेऊन पडली आहे? एका पोरीने एक शेवट काढला तर दुसरी दुसरा काढेल. बोलण्याचे शब्द गोंडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, शाळेच्या मराठीतच लिहायला हवेत असं नाही.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्त्याचं काम झालं की पाच मिनिटं या विषयाला द्या. कोणाच्या घरी जमायचं, कोणती गोष्ट पहिली, ते ठरवा आणि रजिस्टरमध्ये ठराव म्हणून लिहून ठेवा. म्हणजे त्या संध्याकाळी कोणी पोरीला हाक मारली तर दाखवायला कागद असेल. पोरींनी काढलेल्या चार चौकटी आम्ही गावात आलो की आमच्या हाती द्या. त्यांतल्या गोष्टी पुढे याच रेडिओवर वाचून दाखवू.